मंगळावर उडालेला मोबाईल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका पानावर २०० मेगापिक्सेलवाल्या नव्या मोबाईलांचं कौतुक होतं, आणि पान उलटलं की ‘३आय/ॲटलास’ हा धूमकेतू आहे की परग्रहवासीयांचं यान, असा सवाल होता. अंतराळाला अख्खं पान दिलंत याचा आनंद आहेच. आमच्यासारख्या वेड्यांना चौकटीतल्या चार ओळींवर भागवायची सवय झालेली आहे. पण मोबाईलच्या पानावर आकाश नव्हतं आणि आकाशाच्या पानावर मोबाईल नव्हता, हे खटकलं. गेल्या काही वर्षांत या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की एकीला वगळून दुसरीबद्दल नीट लिहिताच येत नाही. त्यातून साध्या माणसाच्या हाती काय आलंय, हे वाचकांना कळायला हवं, म्हणून हे पत्र. लांबलंय. कात्री लावायला हरकत नाही, फक्त आकडे कापू नका.

माझं नारायणगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर फोल्डर म्हणजे फुटलेले डिस्प्ले बदलायचे, चार्जिंग जॅक बदलायचे, विहिरीत नाहीतर फवारणीच्या टाकीत पडलेले फोन उघडून सुकवायचे. टोमॅटोच्या हंगामात मार्केटमधून येणाऱ्या फोनांचे स्पीकर मातीने बुजलेले असतात, ते ब्रशने साफ करायचे. शटर ओढलं की मी गच्चीवर. घरचे म्हणतात, याला खालचं काही दिसत नाही. म्हणू देत.

काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये एक मेलेला वनप्लस वन आहे, २०१४ सालचं मॉडेल. गिऱ्हाईक ‘पार्टला ठेवा’ म्हणून सोडून गेलं. बोर्डात शॉर्टिंग आहे, जिवंत होण्यातला नाही. भंगारवाला दर महिन्याला मागतो आणि मी देत नाही. त्याचा बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरायचा, पत्र्याची शील्ड उचकटायची, की मधोमध एक चौकोनी काळी आयसी दिसते. ती दुमजली असते. वर रॅम आणि तिच्या पोटाखाली प्रोसेसर. हॉट एअरने वरचा मजला अलगद उचलला की खाली स्नॅपड्रॅगन ८०१. बोर्डाच्या वरच्या अंगाला, फ्लेक्सवर, म्हणजे पातळ लवचिक पट्टीवर लोंबणारं कॅमेऱ्याचं मॉड्यूल. त्यातला सेन्सर, म्हणजे उजेडाचं चित्र करणारी चिप, सोनीचा आयएमएक्स २१४, १३ मेगापिक्सेलचा.

आता नासाचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर घ्या. १९ एप्रिल २०२१ रोजी ते मंगळावर उडालं. दुसऱ्या ग्रहावर माणसाने बनवलेल्या यंत्राने इंजिनाच्या जोरावर केलेलं ते पहिलं उड्डाण. त्याचा मेंदू होता स्नॅपड्रॅगन ८०१, आणि त्याच्या रंगीत कॅमेऱ्यातला सेन्सर होता आयएमएक्स २१४. होय, ड्रॉवरमधल्या या मड्यातलेच दोन्ही पार्ट. पाच उड्डाणांचा बेत होता, पठ्ठ्याने ७२ केली आणि १८ जानेवारी २०२४ रोजी पंख तुटला म्हणून थांबला. रात्री उणे ९० अंशांच्या आसपास गारठा, पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का हवा, वजन १.८ किलो, आणि आत लिनक्स ही संगणकप्रणाली. ज्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या पोटाखाली लटकून ते गेलं, त्या रोव्हरचा प्रोसेसर मात्र १९९०च्या दशकातल्या डिझाइनचा, २०० मेगाहर्ट्झचा. किरणोत्सर्ग सोसायला खास बनवलेला, महागडा, पण वेगात आमच्या ८०१च्या पासंगालाही न पुरणारा. जिथे पडून चालत नाही तिथे जुनं आणि दणकट. जिथे पडलं तरी चालेल तिथे बाजारातला मोबाईलचा माल. तोही नुसता भरवशावर सोडला नव्हता. गाड्यांसाठी बनवलेल्या, चूक पकडणाऱ्या कंट्रोलरची जोडी उड्डाण सांभाळायला होती. हे वाचल्यापासून दुकानात कुणी ‘जुना फोन काय कामाचा’ म्हणालं की मी ड्रॉवर उघडतो. पोरं मान हलवतात. मोठी माणसं विचारतात, ‘मग हा चालू का होत नाही?’

उलट दिशेचा प्रवासही सांगायला हवा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात जो सीमॉस सेन्सर असतो, त्याचं आजचं रूप १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलं. गरज होती यानांवरचे कॅमेरे लहान, हलके आणि कमी वीज खाणारे करण्याची. त्याआधी सगळा कारभार सीसीडी या जुन्या जातीच्या सेन्सरचा. ते १९६९ साली बेल लॅब्जमध्ये शोधलं गेलं आणि त्याबद्दल २००९चं नोबेल मिळालं. सीसीडीत प्रत्येक पिक्सेलमधला विद्युतभार एकाकडून दुसऱ्याकडे सरकवत रांगेच्या टोकाला नेऊन मोजतात. फॉसम यांच्या सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा ॲम्प्लिफायर. त्यामुळे एकाच चिपवर सगळं मावलं, वीज वाचली, आणि यानासाठी केलेला कॅमेरा आपल्या खिशात आला. तिथून मोबाईल कंपन्यांनी अब्जावारी सेन्सर बनवले, किमती पडल्या, दर्जा वाढला, आणि तोच माल पुन्हा मंगळावर गेला. पुरवणीतल्या दोन पानांच्या मधली बातमी ती हीच.

मेगापिक्सेलांबद्दल एक तक्रार. तुमच्याबद्दल नाही, एकूणच जाहिरातींबद्दल. आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक येतं: ‘दादा, कॅमेरा दोनशेचा आहे, पण फोटो बाराचाच निघतो. सॉफ्टवेअर मारून द्या.’ सॉफ्टवेअर ठणठणीत असतं. २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरमध्ये एकेक पिक्सेल साधारण ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इतक्या बारीक पिक्सेलवर अंधारात पडणार किती उजेड? म्हणून फोन १६ पिक्सेल मिळून एक धरतो आणि १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देतो. याउलट माझ्या गच्चीवरच्या दुर्बिणीतला सेन्सर फक्त २ मेगापिक्सेलचा आहे. त्याचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. आणि तिकडे चिलीमध्ये वेरा रुबिन वेधशाळेचा कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा, जवळपास तीन टनांचा, पण त्याचाही पिक्सेल १० मायक्रॉनचा! २३ जून २०२५ रोजी त्याची पहिली छायाचित्रं जाहीर झाली, आणि अवघ्या दहाएक तासांच्या निरीक्षणात त्याने २,१०४ नवे लघुग्रह टिपल्याचं सांगितलं गेलं. एका फोटोत सुमारे ४५ पूर्णचंद्र बसतील एवढं आकाश. मेगापिक्सेल मोजायचेच असतील तर हे मोजा. आमच्या दुकानातल्या कुठल्याही फोनची छाती त्यापुढे फुगणार नाही.

दुर्बिणीचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर सांगतो, कारण माझा सगळा जीव तिथे आहे. २०२३ साली झेडडब्ल्यूओ कंपनीची सीस्टार एस-५० नावाची ‘स्मार्ट’ दुर्बीण आली. भिंग ५० मिलिमीटरचं, वजन अडीच किलोच्या आसपास, किंमत एका चांगल्या मोबाईलएवढी. डोळा लावायला जागाच नाही. तिपाईवर ठेवायची, फोन वायफायने जोडायचा, आणि फोनच्या पडद्यावर बघायचं. आतला सेन्सर सोनीचा आयएमएक्स ४६२. हा सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी काढलेला सेन्सर. शेजारच्या आबांनी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा विचारलं, ‘आरं, ह्यो काय आभाळाचा सीसीटीव्ही हाय व्हय?’ मी म्हटलं, ‘आबा, तंतोतंत!’

रात्री काय होतं ते सांगतो. फोनवर मृगातला तेजोमेघ, म्हणजे चमकणारा वायूचा ढग, निवडला की यंत्र कुरकुरत आपली मान उचलतं, अंदाजाने वळतं आणि एक फोटो घेतं. त्यातल्या ताऱ्यांची जुळवणी पोटातल्या नकाशाशी करून ‘आपण नेमके कुठे बघतोय’ हे स्वतः ठरवतं, मग थोडं सरकून नेम धरतं. आमच्याकडे जुन्या दुर्बिणीवर एवढ्यालाच पाऊण तास जायचा आणि मानेला रग लागायची. मग दहा-दहा सेकंदांचे फोटो सुरू. पहिला फोटो अगदी भिकार: करडा, खरबरीत, मधे एक पुसट डाग. दुसरा पहिल्यावर चढतो, तिसरा त्या दोघांवर. पृथ्वी फिरते म्हणून फोटो किंचित तिरपे होत जातात, तेही ते फिरवून जुळवतं. खरखर दर फोटोत वेगळ्या जागी असते, तेजोमेघ मात्र आपल्या जागेवर. म्हणून बेरीज करत गेलं की खरखर मरते आणि खरं ते उरतं. शंभर फोटो रचले की चित्र एका फोटोच्या दहापट स्वच्छ. पाच-सात मिनिटांत दोन पंख उलगडतात, कडेला गुलाबी झाक येते, मधले चार तारे सुटे दिसायला लागतात. हा उजेड तिथून साधारण १,३५० वर्षांपूर्वी निघालेला. त्यानंतर देवयानी दीर्घिका लावा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह. तिचा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो अर्ध्या तासात पत्र्याच्या टाकीशेजारी तुमच्या फोनवर. गच्चीवर दहा-बारा जण जमले तरी आवाज नसतो. सगळे पुढचा फोटो कधी चढतो म्हणून पडद्याकडे डोळे लावून.

हीच युक्ती तुमच्या मोबाईलच्या नाइट मोडमध्ये आहे. फोन एक फोटो काढल्याचं भासवतो. आत तो अनेक काढून, हाताचा थरकाप दुरुस्त करून एकावर एक रचतो. गूगलच्या पिक्सेल ४मध्ये २०१९ साली ताऱ्यांसाठी खास मोड आला, चार मिनिटांपर्यंत उजेड गोळा करणारा. तेव्हा ज्यांच्याकडे दुर्बीण नाही त्यांनीही फोन भिंतीला टेकवून, टायमर लावून बघावा. कृत्तिका आणि मृग तर सहज येतात.

आता यावर जुन्या आकाशप्रेमींचा आक्षेप आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आणि मुंबईचं खगोल मंडळ १९८५पासून लोकांना आकाश ओळखायला शिकवत आहेत. खगोल मंडळाच्या वांगणीच्या आकाशदर्शनाच्या रात्री ज्यांनी जागवल्या त्यांना विचारा. ही मंडळी म्हणतात, आधी नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं ओळख, मग द्विनेत्री (बायनॉक्युलर), मग दुर्बीण. डबाच सगळं शोधून देणार असेल तर पोरगं शिकणार काय? मला हे बरंचसं पटतं. माझ्या पुतण्याला देवयानी फोनवर कुठल्या बटणाखाली आहे ते माहीत आहे, आकाशात कुठे आहे ते सांगता येत नाही. म्हणून माझ्या गच्चीवर नियम केलाय: आधी हात वर करून दाखव, मग बटण. पण ‘डोळ्याने बघितलं तरच खरं’ हे मात्र मला मान्य नाही. मोठमोठ्या वेधशाळांत आज कोण डोळा लावतं? तेही पडद्याकडेच बघतात. आमच्या भागात आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगून समजणार नाही: जुन्नर तालुक्यात रात्री अंधाऱ्या शेतात दुर्बीण मांडून उभं राहायचं म्हणजे शेजारच्या उसातून बिबट्या आपलं निरीक्षण करत असणार. अडीच किलोचं यंत्र गच्चीवर ठेवून, जिन्याचं दार लावून, खाली स्वयंपाकघरात बसून ते चालवता येतं, ही आमच्यासाठी चैन नव्हे, सोय आहे.

तर त्या धूमकेतूकडे येतो. ३आय/ॲटलास हा १ जुलै २०२५ रोजी चिलीमधल्या ॲटलासच्या दुर्बिणीला सापडला. ही दुर्बीण फक्त अर्ध्या मीटरची. काम पृथ्वीवर येऊन आदळू शकणाऱ्या लघुग्रहांची आधी चाहूल घेणं. दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याकडून आलेला हा आपल्याला सापडलेला तिसरा पाहुणा. पहिला २०१७चा ओमुआमुआ. दुसरा २०१९चा बोरिसोव्ह. तो बोरिसोव्ह तर क्रिमियातल्या गेन्नादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाने स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून शोधला! हे कुठे ठळक छापून आलेलं आठवत नाही. एका माणसाने आपल्या हाताने बनवलेल्या यंत्रातून दुसऱ्या ताऱ्याचा धूमकेतू पकडला, याहून मोठी बातमी परग्रहवासीयांनी तरी कुठून आणावी?

हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ आव्ही लोब यांनी ‘हे यान असू शकेल’ अशी शंका मांडली आणि सगळीकडे तीच धावली. पण त्याच काळात निरीक्षणं येत होती. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीने जुलैमध्ये फोटो घेऊन गाभा ४४० मीटर ते ५.६ किलोमीटर यांच्या दरम्यान असल्याचं सांगितलं. जेम्स वेब या दुसऱ्या अवकाश दुर्बिणीला त्याच्याभोवतीच्या वायूत पाण्याच्या मानाने कार्बन डायऑक्साइड फारच जास्त सापडला. ३० ऑक्टोबरच्या सुमारास तो सूर्याच्या सर्वांत जवळून, मंगळाच्या कक्षेच्या किंचित आतून गेला, आणि १९ डिसेंबरला पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तेव्हाही २७ कोटी किलोमीटर दूर होता. धोका शून्य.

तुमच्या पानावरच्या एका वाक्याने मात्र मी खुर्चीत सरळ बसलो: ‘यानातून रेडिओ सिग्नल.’ रेडिओ हा आमच्या धंद्याचा विषय आहे, म्हणून खुलासा करतो. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणींनी २४ ऑक्टोबरला त्या धूमकेतूपाशी १,६६५ आणि १,६६७ मेगाहर्ट्झ या दोन वारंवारितांवर हायड्रॉक्सिलची खूण पकडली. धूमकेतूतलं पाणी उन्हाने फुटतं, त्यातून हायड्रॉक्सिल तयार होतं, आणि ते या दोन ठिकाणच्या रेडिओ लहरी शोषतं. म्हणजे तिकडून कुणी काही पाठवलं नव्हतं. उलट येणाऱ्या लहरींतला थोडा भाग गिळला गेला होता. बर्फाची वाफ होतेय याचा तो पुरावा, यान असल्याचा नाही. नेटवर्कच्या दांड्या कमी झाल्या म्हणून ‘फोनमधून सिग्नल आला’ असं आम्ही कधी म्हणत नाही.

नोव्हेंबरात पहाटे पूर्वेला, कन्या राशीत, माझ्या दुर्बिणीनेही तो टिपला. दिसायला काही भव्य नाही हो. एक मऊ ठिपका आणि एका बाजूला पुसटसं शेपूट. पण पहिला फोटो आणि तासाभरानंतरचा फोटो पुढे-मागे करून पाहिले की ताऱ्यांमधून तो सरकलेला स्पष्ट दिसतो. दुसऱ्या सूर्याची वस्तू नारायणगावातल्या गच्चीवरून हलताना दिसली! दुकान उघडायला उशीर झाला, गिऱ्हाइकं बडबडली, मी त्यांना फोटोच दाखवले.

रेडिओवरून खोडद आलंच. आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, खोडदला, जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ खोडदजवळ दाटीवाटीने आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत २५ किलोमीटर. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तारेच्या जाळीच्या, म्हणून हलक्या आणि स्वस्त अशा तबकड्या इथे उभ्या केल्या. हिचा कान साधारण १२० ते १,४५० मेगाहर्ट्झपर्यंत, मधे काही फटी सोडून. त्यातल्या ८५० ते १,०५०च्या फटीत आमचा मोबाईलचा ९००चा बँड बसतो. एका अर्थी माझा धंदा या दुर्बिणीचा वैरी. म्हणून दुकानात कुणी ‘सिग्नल बूस्टर’ मागितला तर मी हात जोडतो. विनापरवाना बूस्टर बसवणं बेकायदा आहेच, शिवाय त्यातली काही हलकी यंत्रं भलत्याच वारंवारितांवर ओरडत बसतात.

आणि ही दुर्बीण काय ऐकते, तर १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरताना त्याचा ४०१ मेगाहर्ट्झचा क्षीण सिग्नल थेट खोडदला पकडला गेला होता. उतरण्याच्या थोडं आधी तो तुटला. यान आदळलं होतं. एसटीने जिथे सहज पोचता येतं तिथे मंगळावरची धडपड ऐकू आली, आणि तालुक्यात कितीजणांना ठाऊक आहे?

ताजी बातमी ‘अलकनंदा’ची. जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेबच्या माहितीतून एक सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व अवघ्या दीड अब्ज वर्षांचं असतानाची, सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं रुंद, दोन नीटस बाहूंची. एवढ्या लवकर एवढी घडीव दीर्घिका कशी तयार झाली, हा आता सगळ्यांपुढचा पेच. यात मला भावलेली गोष्ट वेगळीच: त्या माहितीसाठी दोघांना अमेरिकेला जावं लागलं नाही. जेम्स वेबची पुष्कळशी माहिती जगाला खुली आहे. ज्याला वाचता येते त्याने उतरवून घ्यावी. मोबाईलवर रील उतरतात त्याच तारेतून ती उतरते.

हौशी माणसाने काढलेले फोटो विज्ञानाच्या कामी येतात का, असं कुणी विचारेल. येतात. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान डिमॉर्फस या १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं आणि त्याच्या मोठ्या जोडीदाराभोवतीची त्याची फेरी अर्ध्या तासाहून जास्त आखडली. त्या धडकेचा क्षण रियुनियन बेटावरच्या आणि केनियातल्या हौशी मंडळींनी आपल्या स्मार्ट दुर्बिणींतून टिपला, आणि ती निरीक्षणं ‘नेचर’मध्ये २०२३ साली शोधनिबंध म्हणून आली. सध्या आम्ही उत्तर मुकुटातल्या टी कोरोनी बोरिअॅलिस या ताऱ्यावर नजर ठेवून आहोत. १८६६ साली आणि १९४६ साली तो अचानक भडकला होता. एरवी तेज दहाव्या प्रतीचं, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, भडकला की ध्रुवताऱ्याएवढा. पुन्हा भडकायच्या बेतात आहे असं जाणकार म्हणतात.  स्वच्छ आकाश असलं की मी त्याचा एक फोटो काढून ठेवतो. अजून तरी महाराज झोपलेले आहेत.

या सगळ्यावर पाणी पाडणारी एक गोष्ट म्हणजे उजेड. गावात एलईडीचे पांढरेफटक दिवे लागले, ते रस्त्यापेक्षा आभाळच जास्त उजळतात. आमच्या गच्चीवरून पुण्याच्या दिशेचं दक्षिण क्षितिज पार गेलं. यावर उपाय करता येतो हे पेंचने दाखवलंय: जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे खाली तोंड करून बसवले गेले. दिवा काढला नाही, फक्त वळवला. आमच्याकडे बिबट्यामुळे दिवे लागणारच, लागायलाच हवेत; पण बिबट्या जमिनीवरून चालतो, वर उजेड पाडून काय उपयोग? उपग्रहांच्या माळांचं दुखणं वेगळं. ते आमच्या हातात नाही, अर्ध्या तासाच्या फोटोत दोन-चार रेघा येणारच. यंत्र त्या गाळून टाकतं.

आता मागणं. पुरवणीत दर आठवड्याला एक लहान चौकट द्या: या आठवड्यात संध्याकाळी कुठल्या दिशेला काय दिसेल, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक महाराष्ट्रावरून किती वाजता जाईल, ग्रहण असेल तर वेळा. सोबत त्या आठवड्यात वाचकांनी मोबाईलवर काढलेला आकाशाचा एक फोटो, कुठल्या फोनने, किती सेकंद, एवढं लिहून. सोन्याचा भाव, टोमॅटोचा भाव छापता तसाच हाही आमचा भाव. आणि मोबाईलच्या पानावर मेगापिक्सेलसोबत सेन्सरचा आकार आणि पिक्सेलचा आकार छापा. निम्मी गिऱ्हाइकं तरी सॉफ्टवेअर मारायला माझ्याकडे येणार नाहीत. माझं नुकसान होईल, चालेल.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला जीएमआरटी लोकांसाठी खुली असते, शाळांच्या पोरांचे प्रयोगही मांडलेले असतात. तुमचा प्रतिनिधी जरूर पाठवा. आत फोन बंद ठेवायला सांगा त्याला. रात्री गच्चीवर यायचं असेल तर अमावस्येच्या मागेपुढे यावं. जिना बाहेरून आहे, पण रस्त्याच्या बाजूनेच यावं, उसाच्या बांधाने नको.

आपला,
एक वाचक, मोबाईल दुरुस्तीवाला
नारायणगाव, ता. जुन्नर, जि. पुणे
(नाव छापू नये. गावात सगळे ओळखतीलच.)